एका साक्षीवर नकाशा होत नाही

"मॅडम, आपल्या गल्लीतल्या नळाला पाणी येत नाही आणि तुम्ही उत्तर ध्रुवावरच्या हवेचे काय घेऊन बसलात?" शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने मला असे विचारले तेव्हा सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न गैर नाही. ज्या देशात शाळेच्या छपराला पैसे मिळवायला अर्जावर अर्ज करावे लागतात, तिथे ध्रुवावरच्या आकाशाचा अभ्यास हा रिकाम्या लोकांचा शौक वाटू शकतो. या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

मी भाषेची शिक्षिका आहे. सकाळच्या सत्रात उर्दू आणि दुपारच्या सत्रात मराठी शिकवते. विज्ञानाचा तास माझा नाही. तरीही गेली काही वर्षे मी एका रडारजाळ्याविषयी मिळेल ते वाचत आले आहे. त्याचे नाव सुपरडार्न. ध्रुवांजवळच्या, जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरच्या वातावरणात काय चालले आहे ते हे जाळे दिवसरात्र पाहत असते. ते काय पाहते याइतकेच ते कसे पाहते हे मला महत्त्वाचे वाटते. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे आहे: आपल्या मुलांना विज्ञान म्हणजे काय हे समजावायचे असेल तर एकेका शोधकाच्या चरित्राबरोबर या जाळ्याची गोष्टही सांगायला हवी, आणि असे संथ, सामायिक काम चालू राहावे म्हणून सरकारी पैसा खर्च व्हायला हवा.

आधी विषय समजून घेऊ. ज्यांच्या घरात एकेकाळी शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लागत असे, त्यांना आयनांबर ठाऊक आहे, फक्त त्याचे नाव ठाऊक नसेल. बिनाका गीतमाला ऐकताना आवाज मधूनच जवळ यायचा, मधूनच लांब जायचा, कधी खरखरीत बुडून जायचा. श्रीलंकेतून निघालेली लहर सरळ रेषेत गेली असती तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ती आपल्या डोक्यावरून अवकाशात निघून गेली असती. ती खाली येत होती, कारण वर एक थर आहे. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे तिथल्या विरळ हवेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशी विद्युतभारित हवा शॉर्टवेव्हच्या लहरींना वाकवून परत जमिनीकडे पाठवते. या थराला आयनांबर म्हणतात. १९२४ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड ॲपल्टन यांनी प्रयोगाने त्याचे अस्तित्व सिद्ध केले आणि १९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९४७ साली कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्र यांचा वरच्या वातावरणावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही.

सिलोनचा आवाज हलवणारे हे आयनांबर ध्रुवांजवळ मात्र वेगळेच वागते. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे. महाराष्ट्रात त्याच्या बलरेषा जमिनीला बऱ्याच अंशी समांतर जातात, ध्रुवांजवळ त्या जवळजवळ उभ्या होऊन थेट अवकाशात निघतात. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा एक झोत सतत बाहेर पडत असतो, त्याला सौर वारा म्हणतात. हा वारा आपले चुंबकीय क्षेत्रही बरोबर आणतो. त्या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि सूर्याची ऊर्जा ध्रुवांच्या वाटेने आत शिरते. १९६१ साली जेम्स डंजी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. ती खरी असेल तर ध्रुवावरच्या आयनांबरातला भारित वायू एका ठराविक रीतीने वाहायला हवा: सूर्याच्या बाजूकडून ध्रुव ओलांडून रात्रीच्या बाजूला, आणि तिथून पहाटेच्या व संध्याकाळच्या बाजूने वळून परत सूर्याकडे. दोन मोठे भोवरे शेजारी शेजारी असावेत तसे. कल्पना सुंदर होती. पण ती पडताळायची तर लाखो चौरस किलोमीटरवरचा, डोळ्यांना न दिसणारा वारा मोजायला हवा होता, आणि तोही क्षणोक्षणी.

इथे रडार कामाला येतो. सुपरडार्नचा रडार दिसायला फार साधा असतो. मोकळ्या माळावर सोळा अँटेनांची एक लांब ओळ, तिच्या मागे आणखी एक छोटी ओळ, आणि बाजूला यंत्रांची एक खोली. तो ८ ते २० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करतो, म्हणजे जुन्या रेडिओच्या शॉर्टवेव्हच्याच पट्ट्यात. लहर सोडण्याच्या क्षणी त्याची एकूण ताकद सुमारे दहा किलोवॅट असते, गावातल्या पिठाच्या गिरणीच्या मोटरीएवढी. लहर तुटक ठोक्यांनी सोडली जात असल्याने सरासरी काढली तर ही ताकद काही शे वॅटच भरते. अँटेना हलत नाहीत. प्रत्येक अँटेनेला जाणाऱ्या लहरीची वेळ किंचित मागेपुढे करून झोताची दिशा बदलतात. अशा सोळा दिशा एक-दोन मिनिटांत पाहून होतात आणि प्रत्येक दिशेला नजर तीन हजार किलोमीटरच्या पुढे जाते. भूगोलाच्या पुस्तकात आपण भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर शिकवतो, साधारण तेवढी.

लहर वर जाते, आयनांबरात वाकते आणि एका ठिकाणी चुंबकीय बलरेषेला काटकोनात येते. तिथे भारित वायूच्या घनतेत बारीक चढउतार असतात, बलरेषेच्या दिशेने ताणलेले. त्यांच्यातील अंतर लहरीच्या लांबीच्या निम्मे असेल तर परत येणारे सगळे क्षीण प्रतिध्वनी एकमेकांत मिळून मोठे होतात. दहा मेगाहर्ट्झची लहर तीस मीटर लांब असते, म्हणजे ती पंधरा मीटर अंतरावरचे चढउतार पाहते. हे चढउतार वायूबरोबर वाहत असल्यामुळे परत आलेल्या लहरीची कंप्रता थोडी बदललेली असते. रुग्णवाहिका जवळ येताना तिच्या भोंग्याचा सूर चढतो आणि लांब जाताना उतरतो, तोच हा डॉप्लर परिणाम. त्यावरून वेग कळतो.

पण कोणता वेग? माझ्या लेखाचा गाभा इथे आहे. रडारला फक्त एवढेच कळते की वायू आपल्याकडे येतो आहे की आपल्यापासून दूर जातो आहे. आडव्या दिशेने जाणारी गती त्याला दिसतच नाही. समजा, शाळेच्या मैदानाच्या दोन शेजारच्या बाजूंना दोन मुली उभ्या केल्या आणि त्यांना सांगितले की धावणाऱ्या मुलाविषयी फक्त "जवळ येतोय", "लांब जातोय" किंवा "तिथेच आहे" एवढेच बोलायचे. मुलगा एकीच्या समोरून आडवा धावला तर ती म्हणेल, "तिथेच आहे." त्याच क्षणी दुसरी म्हणेल, "माझ्याच अंगावर येतोय." दोघीही खरे बोलत आहेत. पण दोघींचे बोलणे एकत्र ठेवल्याशिवाय मुलगा कोणत्या दिशेला किती वेगाने धावला हे सांगता येत नाही.

म्हणून या जाळ्याच्या पूर्ण नावातच 'दुहेरी' हा अर्थ आहे. निकाहला दोन गवाह लागतात, खरेदीखतावर दोन साक्षीदार सह्या करतात. आकाशालाही दोन लागतात. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्वेत माल्विक आणि फिनलंडमध्ये हान्कासाल्मी इथे दोन रडार उभे राहिले आणि ते उत्तर स्कँडिनेव्हियावरचे एकच आकाश दोन बाजूंनी पाहू लागले. त्यांच्या लहरी मात्र जास्त कंप्रतेच्या होत्या. त्या फारशा वाकत नसत, त्यामुळे बलरेषांशी काटकोन खालच्या थरात, शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच जुळे आणि तोही मोजक्या भागात. यावर तोडगा निघाला तो जुन्या शॉर्टवेव्हमधून. १९८३ साली कॅनडातील लाब्राडोरमध्ये गूस बे इथे अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील रे ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रडार सुरू केला. १९८८ साली अंटार्क्टिकावर ब्रिटनच्या हॅली केंद्रात दुसरा उभा राहिला. हॅलीची जागा विचार करून निवडली होती. गूस बेचा रडार ज्या आकाशाकडे पाहतो, तिथून निघणाऱ्या चुंबकीय बलरेषा दक्षिणेत साधारण हॅलीच्या नजरेखालच्या आकाशात उतरतात. एकाच दोरीची दोन टोके दोघांनी धरावीत तसे. १९९५ साली ग्रीनवाल्ड आणि इतर देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून साऱ्या जाळ्याची योजना मांडली.

आज दोन्ही गोलार्धांत मिळून तीसहून अधिक रडार आहेत. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, जपान, इटली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चीन असे देश ते चालवतात. हे सगळे देश एकमेकांचे जिवलग मित्र नाहीत. चीन आणि जपान यांचा बेटांवरून वाद चालू आहे. चीन आणि अमेरिका यांचे काय चालले आहे ते रोज बातम्यांत दिसते. तरीही अंटार्क्टिकावरच्या जपानच्या स्योवा केंद्रातील रडारची नोंद आणि २०१० साली सुरू झालेल्या चीनच्या झोंगशान केंद्रातील रडारची नोंद एकाच नकाशात जाते. झोंगशान आहे लार्समन टेकड्यांच्या भागात, आणि भारताचे 'भारती' हे केंद्रही २०१२ पासून त्याच टेकड्यांच्या भागात आहे. आपल्या 'मैत्री' आणि 'भारती' या केंद्रांचा कारभार गोव्यात वास्को इथल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. हिमालयात आमनेसामने उभे असलेले दोन देश तिथे बर्फात शेजारी आहेत.

या सहकार्यामागे भाबडा बंधुभाव आहे असे मी म्हणत नाही. मामला गरजेचा आहे. एकट्या देशाचा रडार मैदानावरच्या एकट्या मुलीसारखा आहे. त्याच्या माहितीला किंमत येते ती शेजाऱ्याची माहिती जोडल्यावर. म्हणून या देशांनी शिस्त ठरवून घेतली आहे. महिन्याचा किमान अर्धा वेळ प्रत्येक रडारने सर्वांनी मान्य केलेल्या एकाच पद्धतीने चालायचे, उरलेल्या वेळात आपापले प्रयोग करायचे. ज्याला आपले शंभर टक्के हवे आहे त्याने या जाळ्यात येऊ नये. आपल्या मोहल्ल्यातली, सोसायटीतली, संस्थांमधली भांडणे पाहिली की मला वाटते, हा अर्ध्या वेळाचा नियम इथेही कुणीतरी लावून पाहावा.

मिळाले काय? डंजी यांनी मांडलेले दोन भोवरे दिसले, आणि तेही जिवंत, हलताना. सौर वाऱ्याचे चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळले की काही मिनिटांत भोवरे फुगतात आणि वेग वाढतो. उत्तरेकडे वळले की प्रवाह मंदावतो, त्याचे तुकडे होतात, कधी उलटाही वाहतो. शांत दिवशी वायूचा वेग सेकंदाला काही शे मीटर असतो, वादळात तो सेकंदाला एक किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने मुंबई-पुणे अंतर अडीच मिनिटांत संपेल. ध्रुवीय टोपीच्या दोन कडांमधला विद्युतदाब काही दहा हजार व्होल्टपासून वादळात लाख व्होल्टच्या पुढे जातो.

याचा आपल्याशी संबंध काय, हा माझ्या सहकाऱ्याचा प्रश्न. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज गेली, सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्स कंपनीने एका वेळी ४९ उपग्रह सोडले. पाठोपाठ आलेल्या, तशा मध्यमच, वादळाने वरची हवा तापून फुगली, घर्षण वाढले आणि त्यातले चाळीसच्या आसपास उपग्रह परत खाली येऊन जळून गेले. हवा तापते ती प्रामुख्याने याच ध्रुवीय प्रवाहामुळे. वाहता भारित वायू साध्या हवेवर घासतो आणि उष्णता तयार होते. ध्रुवावरून वाहणारे दाट वायूचे मोठे ठिगळ जीपीएसच्या संदेशाला थरथरवते. उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाणाऱ्या विमानांना विषुववृत्तावरचे संपर्क उपग्रह दिसत नाहीत, तिथे त्यांना शॉर्टवेव्ह रेडिओवर भिस्त ठेवावी लागते, आणि वादळात तोच मुका होतो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला आणले तेव्हा आपण सर्वांनी ती बातमी अभिमानाने एकमेकांना पाठवली. त्या मार्गावरच्या आकाशाची खबर कुणीतरी ठेवत असते, हे त्या बातमीत नव्हते.

आता या जाळ्याची मला सर्वात जास्त भावलेली बाब सांगते. पृथ्वीच्या डोक्यावरचे सगळे आकाश झाकायला तीस-पस्तीस रडारही पुरत नाहीत. शिवाय प्रत्येक क्षणी प्रत्येक ठिकाणाहून प्रतिध्वनी येतोच असे नाही. मग पूर्ण नकाशा कसा काढतात? १९९८ साली रुओहोनिएमी आणि बेकर या दोन शास्त्रज्ञांनी एक पद्धत मांडली. सगळ्या रडारांची एकेरी साक्ष एकत्र घ्यायची आणि तिच्याशी सर्वांत चांगला जुळेल असा एकच प्रवाह गणिताने शोधायचा. प्रत्येक ठिकाणी दोन रडारांनी पाहिलेच पाहिजे ही अडचण त्यामुळे कमी झाली. जिथे कुणाचीच साक्ष नाही, तिथे पूर्वीच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून केलेला सरासरी अंदाज भरायचा.

म्हणजे नकाशाचा काही भाग पाहिलेला असतो आणि काही भाग अंदाजाचा. पण हे लपवलेले नसते. जिथे खरी मोजणी आहे तिथे बाणांचे टिपके दिसतात, बाकीच्या भागात नुसत्या रेषा असतात, आणि एकूण किती मोजण्यांवर नकाशा उभा आहे तो आकडा कोपऱ्यात छापलेला असतो. वाचणाऱ्याने आधी तो आकडा पाहावा. आकडा लहान असेल तर समजावे की आपण आज आकाश पाहत नसून आकाशाविषयीची जुनी सरासरी पाहतो आहोत.

भाषेच्या शिक्षिकेला हे फार ओळखीचे वाटते. उर्दूच्या आणि मराठीच्या अशा दोन शिक्षकखोल्यांत मी रोज बसते. दोन्हीकडे एकमेकांविषयी पूर्ण रंगवलेले नकाशे आहेत. "ते लोक असेच असतात," हे वाक्य दोन्हीकडे सारख्याच खात्रीने बोलले जाते. त्या नकाशांच्या कोपऱ्यात मोजण्यांचा आकडा छापायचा ठरवला तर तो किती निघेल? कुणाच्या घरी किती वेळा जेवलात, किती पुस्तके वाचलीत, कुणाच्या अडचणीला किती वेळा धावलात? बहुतेकांच्या नकाशात एक-दोन टिपके आणि बाकी सगळी ऐकीव सरासरी. आणि टिपका असला तरी तो एकेरी असतो: समोरचा माणूस माझ्याकडे येतो आहे की माझ्यापासून दूर जातो आहे, एवढेच आपण पाहतो. त्याची स्वतःची एक दिशा असते आणि तिचा माझ्याशी काही संबंध नसेल, हे एका जागेवरून दिसत नाही.

या जाळ्याला मर्यादाही आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. सर्वांत मोठी मर्यादा अशी की वादळ तीव्र झाले की रडार बऱ्याचदा आंधळा होतो. वेगवान कण खालच्या थरात घुसतात आणि तो थर शॉर्टवेव्हच्या लहरी शोषून घेतो. ज्या क्षणी माहिती सर्वांत जास्त हवी, नेमका त्याच क्षणी पडदा काळा. शिवाय मोठ्या वादळात सारा प्रवाह विषुववृत्ताच्या दिशेने सरकतो आणि ध्रुवाकडे तोंड केलेल्या रडारांच्या पाठीमागे जातो. म्हणून २००५ पासून अमेरिकेतील व्हर्जिनियात, मग जपानमधील होक्काइदो बेटावर आणि इतरत्र कमी अक्षांशांवर नवे रडार उभारले गेले. मे २०२४ मध्ये गेल्या दोन दशकांतील सर्वांत तीव्र वादळ आले, तेव्हा लडाखमध्ये हानले इथूनही आकाशात लाल प्रकाश टिपला गेला. अशा वेळी जाळे जितके दक्षिणेला पसरलेले तितके बरे.

आता पैशाचा प्रश्न. नळाला पाणी हवे, हे शंभर टक्के खरे. पण नळाचे पाणी रडारने पळवलेले नाही. आणि नोंदी ठेवण्याच्या कामाचा हिशेब आजच्या आज होत नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईत आहे. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला आजवरच्या नोंदींतले एक सर्वांत भयंकर चुंबकीय वादळ आले. त्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत माणसे चुंबकसुईच्या नोंदी हाताने घेत होती. आडवे चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याचे त्या वहीत उतरले. २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, त्या वादळाची तीव्रता ठरवताना शास्त्रज्ञांना याच वहीचा आधार घ्यावा लागला. विजेवरच्या ट्राममुळे मोजणी बिघडेल म्हणून ही वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेली. तिची परंपरा आज नवी मुंबईतील भूचुंबकत्व संस्था चालवते. त्याच संस्थेच्या कोल्हापूरच्या रडारने ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेले आपले आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सौर वारा मोजते. वाऱ्याची खबर आपण तिथून देतो. तो वारा पृथ्वीवर पोचल्यावर काय करतो, हे सुपरडार्नसारखी जाळी सांगतात. एकाचे काम दुसऱ्याशिवाय अपुरे आहे.

अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. हॅली केंद्र तरंगत्या बर्फावर आहे. बर्फाला भेगा पडल्या म्हणून ते २३ किलोमीटर आत ओढून न्यावे लागले, आणि २०१७ पासून हिवाळ्यात तिथे माणसे ठेवत नाहीत. वारा, बर्फ, गंज, तुटलेल्या तारा यांच्याशी झगडत अशी यंत्रे जगवावी लागतात. एखाद्या अर्थमंत्र्याने कात्री चालवायची ठरवली तर असे काम आधी सापडते, कारण एक रडार बंद पडला म्हणून उद्या कुणाची बत्ती जात नाही. पण त्या एका रडाराबरोबर शेजारच्या देशाचा साक्षीदार जातो आणि त्याचाही नकाशा अंदाजावर येतो. म्हणून अशी जाळी हे जगाचे सामायिक धन मानून सरकारांनी चालवली पाहिजेत, आणि राजकारण कितीही कडवट झाले तरी त्यांची माहिती खुली राहिली पाहिजे. आपल्या देशाने ध्रुवांवर केंद्रे उभारली आहेत, अवकाशात यान पाठवले आहे. अशा सामायिक जाळ्यांत आपला वाटा वाढवणे हे त्यापुढचे स्वाभाविक पाऊल आहे.

आणि आपल्या वाचकांसाठी, विशेषतः माझ्या समाजासाठी, एक शेवटची गोष्ट. अकराव्या शतकात अंदलुसमध्ये इब्न मुआझ अल-जय्यानी नावाचा गणिती होऊन गेला. पहाटेचा पहिला उजेड दिसतो तेव्हा सूर्य क्षितिजाखाली अठरा-एकोणीस अंश असतो, या मोजणीवरून त्याने वातावरणाची उंची काढली. ती त्याच्या मैलांत बावन्न मैलांच्या आसपास आली. युरोपात हा ग्रंथ कित्येक शतके इब्न अल-हैसम यांच्या नावावर खपला. अशा कथा आपण मोबाईलवर एकमेकांना पाठवतो आणि छाती फुगवून घेतो. छाती जरूर फुगवावी. पण फज्रच्या वेळेचे कोष्टक भिंतीवर टांगलेल्या घरातल्या किती मुलींना तो अठराचा आकडा कुठून आला ते आपण सांगितले? त्या उजेडाच्या वर, आणखी दोन-तीनशे किलोमीटरवर, आज कोण मोजते आहे आणि कसे, ते किती जणींना ठाऊक आहे? पूर्वजांचा अभिमान हाही एकेरी साक्षीदारच आहे. त्याला आजच्या कामाचा दुसरा साक्षीदार मिळायला हवा.

शिक्षकांना माझी विनंती साधी आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर या जाळ्याचे नकाशे कुणालाही पाहता येतात. शाळेत पडदा असेल तर पडद्यावर, नसेल तर आपल्या मोबाईलवर, एक नकाशा वर्गाला दाखवा. उर्दूत त्या प्रकाशाला कुतबी रोशनी म्हणा, मराठीत ध्रुवीय प्रकाश म्हणा. दोन भोवरे दाखवा. मग मुलांना टिपके मोजायला लावा आणि विचारा: यातले पाहिलेले किती आणि अंदाजाने भरलेले किती? विज्ञानाचा तास नसला तरी चालेल. हा प्रश्न इतिहासाच्या तासाला, भाषेच्या तासाला आणि रात्री बातम्या पाहतानाही विचारता येतो.